सासूबाईंनी उघडलेला सेटअप

पाय प्लास्टरमध्ये घेऊन सासूबाई लेकीकडे राहायला आल्या, तेव्हा जावयाला मनातून जरा धाकधूकच वाटली. माणूस मुळात अबोल. रेडियम कापायचा त्याचा धंदा. गाड्यांचे नंबर, दुकानांची नावं, दवाखान्यांच्या वेळा, सगळं रंगीत चिकटकागदातून कापून लावून द्यायचं. दिवसभर अक्षरांशीच गाठ, पण स्वतःच्या तोंडून एक अक्षर निघायची मारामार. सासूबाईंचं नेमकं उलट. त्यांची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली होती आणि बोलणं व विचारणं ही त्यांच्या हाडातच मुरलेली गोष्ट होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी या दोघांचा संवाद ‘प्रवास नीट झाला ना’ आणि ‘जेवून घ्या’ याच्या पुढे सरकला नव्हता.

घर वर आणि दुकान खाली. जिना चढणं शक्य नव्हतं, म्हणून दुकानामागच्या खोलीत त्यांची कॉट टाकली. लेक औषधांच्या दुकानात कामाला जायची, ती थेट संध्याकाळी परत. खोलीत पडून छताकडे बघण्यात सासूबाईंना रस नव्हता. दुसऱ्याच दिवशी त्या कुबडी टेकत दुकानात आल्या आणि खुर्चीवर बसून, दुखरा पाय स्टुलावर ठेवून म्हणाल्या, “मी मधे मधे येणार नाही हं, जावईबापू. नुसती बघते.”

नुसतं बघणं त्यांना जमण्यातलं नव्हतं. हा रोल असा उलटा का गुंडाळलाय, ते पातं आतून फिरतं कसं, अक्षराभोवतीचं जास्तीचं रेडियम चिमट्यानेच का सोलायचं, एक ना दोन. तो एकेका शब्दात उत्तरं द्यायचा. त्यांचं त्यावर भागायचं नाही.

रेडियम कापणारं मशीन होतं भिंतीपाशी, एखाद्या लांबट पेटीसारखं. त्याला हुकूम देणारा लॅपटॉप जुना, जाडजूड, कुठल्याशा ऑफिसने मोडीत काढलेला. त्याच्या मागच्या बाजूला दोन स्क्रूंनी आवळायची रुंद वायर लागायची आणि तीच मशीनला चालायची. नव्या लॅपटॉपना तसलं भोकच नसतं, म्हणून याला तो फुलासारखा जपायचा. हल्ली मात्र त्याचं घड्याळ सारखं मागे पडायला लागलं होतं. दुरुस्तीवाल्याने आतला सेल बदलला, शर्टाच्या गुंडीएवढा, आणि लॅपटॉप परत आणून दिला. घड्याळ ठीक झालं. पण मशीनला कापायला सांगितलं, तर मशीन ढिम्म.

आणि नेमकी त्याच सकाळी दारात रुग्णवाहिका येऊन उभी राहिली. गाडी नवी, पांढरीशुभ्र, अंगावर एकही अक्षर नाही. ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला, “नाव लागल्याशिवाय गाडी कामावर घेत नाहीत. आज होईल ना?”

“होईल,” जावई म्हणाला आणि आत येऊन पुन्हा वायर काढली, फुंकर मारली, घट्ट आवळली. मशीन तसंच गप्प.

त्याने दुरुस्तीवाल्याला फोन लावला. पलीकडून बराच वेळ आवाज येत राहिला. फोन ठेवल्यावर सासूबाईंनी विचारलं, “काय म्हणाला?”

“सेटअपमध्ये काहीतरी बदललं असेल म्हणतो. पण आत हात घालू नका म्हणाला. दोन दिवसांनी येतो.”

“आत म्हणजे कुठे?”

“लॅपटॉप चालू होताना एक बटण दाबलं की येतं. मी कधी गेलो नाही.”

“इतक्या वर्षांत एकदाही नाही?” सासूबाईंना हे खरंच वाटेना. “तुम्हाला बघावंसं वाटलं नाही, आत काय आहे ते?”

त्याला कसंसंच झालं. वाटलं होतं, नाही असं नाही. पण बिघडलं तर, या भीतीने त्याने ते दार कधी उघडलंच नव्हतं. तो म्हणाला, “बघायला काय हरकत आहे. काही बदलायचं नाही.”

“नुसतं बघायचं,” सासूबाई म्हणाल्या आणि खुर्ची सरकवून जवळ आल्या.

लॅपटॉप बंद करून त्याने पुन्हा चालू केला आणि वरच्या ओळीतलं एफ-टू टकटक दाबत राहिला. नेहमीचं चित्र आलंच नाही. राखाडी पडदा आला, त्यावर निळी अक्षरं, वर पाच-सहा मथळे, माउसचा बाण गायब. दोघंही पुढे वाकले. सासूबाईंनी चष्मा नाकावर घट्ट केला आणि इंग्रजी एकेक शब्द फोडून वाचायला लागल्या, एक्स्चेंजमध्ये लांबच्या गावांची नावं वाचायच्या तशा.

“मेन. ॲडव्हान्स्ड. सिक्युरिटी. बूट. ॲडव्हान्स्डमध्ये चला. खरी गंमत तिथेच असणार.”

बाणाच्या बटणाने तो तिथे गेला. ओळींमागून ओळी होत्या. प्रत्येकीसमोर लहानसं उत्तर: चालू, बंद, आपोआप. बरेचसे शब्द दोघांनाही नवे होते. पण उजव्या बाजूला प्रत्येक ओळीची दोन वाक्यांत माहिती येत होती, हे सासूबाईंच्या लक्षात आलं आणि मग त्यांनी एकही ओळ सोडली नाही. पंख्याची एक ओळ निघाली. पंखा सतत फिरत ठेवायचा की गरम झाल्यावरच. माउसपट्टीची एक. झाकण उघडलं की लॅपटॉप आपोआप चालू व्हावा का, अशीही एक.

“कोणीतरी बसून एवढ्या सगळ्याचा विचार केलाय,” सासूबाई म्हणाल्या. “आणि आपण वरवर नुसतं वापरत बसतो.”

तेवढ्यात बाहेरून ड्रायव्हरने हाक मारली. गाडी सावलीत घेऊ का, विचारत होता. जावई बाहेर गेला, त्याला जागा दाखवली, अक्षरांची मापं पुन्हा एकदा घेतली. पुढच्या बाजूचं नाव उलटं लागणार होतं. परत आला तर सासूबाई आणखी खाली पोचल्या होत्या.

“हे काय? कॅमेरा, एनेबल्ड. तुमच्या या डब्याला कॅमेरा आहे?”

“आहे, पण तो बंद पडलाय. आणला तेव्हापासून.” पडद्याच्या वर त्याने काळ्या रेडियमचा गोल तुकडा चिकटवला होता, तो त्याने दाखवला.

“इथे तर चालू म्हणतंय.”

त्याने तुकडा खरवडून काढला. सासूबाई गप्प बसून विचार करत होत्या, जे फार क्वचित घडायचं. मग त्या सावकाश म्हणाल्या, “हा ऑफिसातला ना? ऑफिसवाल्यांनी कॅमेरा इथूनच बंद करून ठेवला असणार. लोकांनी कामं सोडून तोंडं बघत बसू नये म्हणून. तो बिघडला नव्हताच मुळी.”

“मग आता चालू कसा झाला?”

“सेल काढला तेव्हा हा सगळं विसरला असेल. कारखान्यातून आला तेव्हाचं तेवढं आठवतंय त्याला.”

 जावई एकदम म्हणाला, “म्हणजे ऑफिसवाल्यांनी चालू केलेलं काही असेल, तर ते बंद झालं असेल.”

“तुमच्या वायरीला काय म्हणतात?”

“सीरियल पोर्ट.”

आता दोघांनाही घाई झाली. तो बटण दाबत भराभर खाली निघाला, सासूबाई ओळीवर बोट ठेवून चालल्या होत्या. ती ओळ पार तळाशी, वेगळ्या पानाच्या आत दडलेली होती. सीरियल पोर्ट, डिसेबल्ड.

“सापडला लबाड,” सासूबाई म्हणाल्या.

काही बदलायचं नाही हे ठरलेलं दोघांनाही आठवत होतं. दोघांनीही त्याचा उच्चार केला नाही. जावयाने एंटर दाबलं, एनेबल्ड निवडलं, मग एफ-टेन. जतन करून बाहेर पडायचं का, असं पडद्याने विचारलं. त्याने होय म्हटलं.

लॅपटॉप बंद झाला, चालू झाला. नेहमीचं चित्र येईल येईल असं वाटत असतानाच क्षणभर निळा पडदा चमकला आणि सगळं काळं झालं. पुन्हा चालू झाला, पुन्हा निळा, पुन्हा काळा.  आतापर्यंत निदान लॅपटॉप तरी चालू होता. आता कापणं राहिलं बाजूला, त्याने वर्षानुवर्षं जमवलेले अक्षरांचे नमुनेही आतच अडकले होते.

 सासूबाईंना राहवलं नाही.

“तुम्ही बाहेर गेला होतात ना,” त्या म्हणाल्या, “तेव्हा मी एका ओळीवर एंटर दाबून पाहिलं. दोन पर्याय आले. दुसरा काय असतो, म्हणून त्याच्यावर गेले. मला वाटलं, तो नुसता दिसतोय.”

“कुठली ओळ?”

“साटा का काहीतरी. डिस्कबद्दल होतं.” त्यांचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता. “मी घालवलं का हो सगळं?”

त्याला राग यायला हवा होता. पण त्याने त्यांच्याकडे पाहिलं, तर त्या पडद्याकडे अशा बघत होत्या की जणू आत कोणी माणूस अडकलंय. मघाशी ते दोघं मिळून जे वाचत होते, त्यात त्याला किती मजा आली होती, हेही त्याला तेव्हाच कळलं. तो म्हणाला, “दार तर तेच आहे, आई. गेलो त्याच दाराने परत जाऊ.”

एफ-टू दाबल्यावर राखाडी पडदा मुकाट्याने आला. तेवढ्यानेही दोघांना हायसं वाटलं. साटाची ओळ सापडली. या वेळी जावयाने उजवीकडची माहिती मोठ्याने वाचली आणि जमेल तसा अर्थ लावला: डिस्कशी बोलण्याच्या दोन पद्धती, मधेच बदलली तर आधीची प्रणाली चालू होणार नाही.

“लिहिलं होतं की,” सासूबाई म्हणाल्या. “मी तेवढंच वाचलं नाही.”

त्याने पहिला पर्याय पुन्हा निवडला. सीरियल पोर्टची ओळ उघडून पाहिली. ती चालूच होती. बाकी कशालाही हात न लावता एफ-टेन दाबलं. सासूबाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता.

नेहमीचं चित्र आलं. त्याने अक्षरांची फाइल उघडली, वायर तपासली, कापण्याचा हुकूम सोडला. मशीनने घसा खाकरल्यासारखा आवाज केला, रोल थोडा आत ओढला आणि पातं लाल रेडियमवरून सरसर फिरायला लागलं.

“ऐकलं बरं का त्याने,” सासूबाई म्हणाल्या आणि मग इतक्या हसल्या की ड्रायव्हर बाहेरून डोकावला.

कापलेला तुकडा बाहेर आला. त्यावरची अक्षरं उलटी बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली. “हे चुकलं की.”

जावई काही बोलण्याआधीच ड्रायव्हर म्हणाला, “मावशी, पुढची गाडी आरशात बघते ना. आरशात ते सुलटं दिसतं. मग ती बाजूला होते.”

सासूबाईंनी तुकडा हातात घेतला, मान तिरकी केली, उठून भिंतीवरच्या लहान आरशासमोर धरला. ‘रुग्णवाहिका’ नीट वाचता आलं. त्या बराच वेळ तो तसाच धरून उभ्या राहिल्या, एका पायावर भार देऊन, कुबडी काखेत.

“अशा गाड्या इतक्या वेळा पाहिल्या आणि कधी मनात आलं नाही,” त्या म्हणाल्या.

“माझ्या आलं होतं,” जावई म्हणाला. “लहानपणी. वडिलांना विचारलं, तर म्हणाले गप्प बस.” एवढं बोलून तो स्वतःच जरा चकित झाला. मग त्याने दुसरा चिमटा शोधून काढला, त्यांच्यासमोर टेबलावर ठेवला आणि जास्तीचं रेडियम कोपऱ्यातून कसं उचलायचं, कुठल्या दिशेला ओढायचं, काना आणि वेलांटी कुठे तुटतात, हे सगळं सलग सांगितलं. त्यांनी एकदाही मधे तोंड घातलं नाही.

पहिल्याच अक्षराचा उकार त्यांच्या हातून चिमट्याबरोबर निघून आला.

“राहू दे,” तो म्हणाला. “ते परत कापू. तुम्ही पुढचं घ्या.”