चष्मा न विकणाऱ्या बाई

छापखान्यात मुद्रितं तपासणारी ती, चुकीवर अशी झडप घालायची की मालकही तिच्या हाती कागद देताना जरा दबकून असत. धाकटीचं अंगावरचं दूध सुटल्यावर तिनं दवाखान्यातून पाळणा लांबवायच्या गोळ्या आणल्या. तिसऱ्या महिन्यात अक्षरांवर चमचमत्या नागमोडी रेघा नाचू लागल्या. वीसेक मिनिटांत रेघा विरायच्या आणि अर्धं डोकं ठणकायचं.

"चष्मा बदल," नवरा म्हणाला.

चष्म्याच्या दुकानातल्या बाई साठीच्या, बोलायला फटकळ. त्यांनी डोळे दोनदा तपासले.

"नंबर तोच आहे. नवा चष्मा मी देणार नाही."

"अहो, पण रेघांखाली अर्धी ओळ गायब होते!"

"एक डोळा झाकला तर?"

"तरी दिसतात. दोन्ही मिटले तरी."

"मग भानगड डोळ्यांत नाही. नवीन औषध काही?"

तिनं शेजारी फ्रेमी चाळणाऱ्या एका गृहस्थांकडे चोरून पाहिलं. बाईंच्या ते बरोबर ध्यानात आलं. "काका, तुम्ही उद्या या," म्हणून त्यांना वाटेला लावलं आणि स्टूल ओढून त्या तिच्याजवळ बसल्या.

"पाळणा लांबवायच्या गोळ्या," ती पुटपुटली.

"मग लाजतेस काय? आजच दवाखान्यात जा. अशा रेघा दिसणाऱ्या बाईला त्यातल्या बऱ्याच गोळ्या चालत नाहीत, एवढं मला ठाऊक आहे. पुढचं डॉक्टर सांगतील. आणि नुसतं 'डोकं दुखतं' म्हणू नकोस, वाटेला लावतील. रेघांचं सांग."

दवाखान्यात नर्स म्हणालीच, "सुरुवातीला होतं असं." पण ती हटली नाही. रेघा कधी आल्या, किती वेळ राहिल्या, सगळं तारीखवार सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब पाहिला आणि गोळ्या त्याच दिवशी बंद केल्या.

"अशा डोकेदुखीत या गोळ्यांनी पक्षाघाताचा धोका वाढतो. वेळेवर आलात. तांबी बसवू, तिच्यात हार्मोन नसतात. पण सांगून ठेवते, सुरुवातीला पाळीत रक्त जास्त जाईल."

गेलंही. पण आधी कळलेलं होतं, म्हणून ती घाबरली नाही. पुढच्या चार महिन्यांत रेघा एकदाच आल्या.

एका दुपारी ती मुद्दाम दुकानात गेली. "बाई, तुम्ही चष्मा विकून मोकळ्या झाला असतात तर..."

"तर तो तुझ्या नाकावर वाईट दिसला असता," बाई म्हणाल्या आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.

 ती हसून कामावर गेली.