शेवटच्या गाडीच्या पुढे

मी एक जुनी बस आहे. शाळेच्या माहितीपुस्तिकेत माझा उल्लेख 'वाहतुकीची अद्ययावत सोय' असा केलेला आहे, पण मित्रांनो, ते तुम्ही फार मनावर घेऊ नका. माझा सांगाडा एका कारखान्यात तयार झाला आणि वरचा पत्रा दुसऱ्यात. दोघांनी एकमेकांना मापं विचारली नसावीत, असा माझा संशय आहे. माझं पुढचं दार त्यामुळे आजतागायत नीट मिटलेलं नाही.

पहिली नऊ वर्षं मी साबणाच्या कारखान्यातल्या कामगारांची ने-आण केली. ते माझ्यात बसले की झोपत. हे मी माझं कौतुक समजत असे. मग शाळेने मला विकत घेतलं, पिवळा रंग दिला आणि माझ्यात कोणी झोपेनासं झालं. नवा रंग होता तोवर मुख्याध्यापिका पाहुण्यांना मला दाखवायला आणत. पुढे रंगाचे पोपडे निघाले आणि पाहुण्यांना संगणककक्ष दाखवण्याची पद्धत पडली.

मला खरं सांभाळलं ते दोघांनी. एक ड्रायव्हर आणि दुसऱ्या मावशी. मुलांना चढवणं, उतरवणं, मोजणं आणि कोणी पाण्याची बाटली विसरलं की ती घेऊन फाटकापर्यंत त्याच्या मागे धावणं, हे मावशींचं काम. ड्रायव्हर त्यांच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे, पण सगळे म्हणतात म्हणून तेही त्यांना मावशीच म्हणत. मावशी त्यांना दादा म्हणत. चढावर माझ्या रेडिएटरमधलं पाणी उकळायचं, तेव्हा मागच्या सीटखालचा कॅन काढून पाणी घालायच्या त्याही मावशीच. ड्रायव्हर तेवढ्यात रस्त्याच्या कडेला उभं राहून मला चार शब्द ऐकवत. कामाची अशी वाटणी अकरा वर्षं सुरळीत चालली होती.

एका वर्षी गावातल्या अर्धमॅरेथॉनचा एक प्रवेश शाळेला फुकट मिळाला. एकवीस किलोमीटर आणि वर थोडं, हे कळल्यावर शिक्षकांच्या खोलीत अचानक सगळ्यांची कंबर दुखू लागली. तेव्हा कोणीतरी म्हणालं, मावशी रोज बाटल्या घेऊन धावतातच, त्यांचंच नाव घाला. सगळे हसले. हसता हसता कोणीतरी नाव खरंच घातलं.

मावशी नाव काढायला क्रीडाशिक्षकांकडे गेल्या. ते म्हणाले, आता छातीवर लावायचा नंबर छापून आला आहे. छापून आलेल्या गोष्टीपुढे मावशींचं कधी काही चालत नसे. त्या नंबर घेऊन परत आल्या आणि ड्रायव्हरना म्हणाल्या, "दादा, माझं काहीच तडीस जात नाही हो." मग त्यांनी यादीच दिली. शाळा आठवीत सुटली. शिवणाचा क्लास ब्लाउजच्या गळ्यापर्यंत पोचून थांबला. नवऱ्यासाठी विणायला घेतलेला स्वेटर सहा वर्षं एका बाहीचा आहे, आणि नवरा बिचारा आता मागतही नाही. ड्रायव्हर सांत्वन करण्यात कच्चे. ते एवढंच म्हणाले की एका बाहीचा का होईना, आहे ना.

तरी मावशींनी सराव सुरू केला. दुपारी शेवटचं मूल उतरलं की त्याही उतरत आणि शेडपर्यंतचे तीन किलोमीटर माझ्यापुढे पळत. क्रीडाशिक्षकांनी तक्ता करून दिला. रविवारी त्या मैदानाला फेऱ्या मारत. जास्तीत जास्त चौदा किलोमीटर झाले. उरलेले सात देवाच्या भरवशावर, असं त्या म्हणत, आणि आवाजावरून त्यांचा देवावरही फारसा भरवसा दिसत नसे.

आता माझा या शर्यतीशी काय संबंध, असं तुम्ही विचाराल. आयोजकांना 'शेवटची गाडी' हवी होती, आणि गावात माझ्याइतकी हळू दुसरी बस नव्हती. नियम सोपा होता. ही गाडी सर्वांच्या मागून दहा मिनिटांना एक किलोमीटर या वेगाने चालणार. ज्याला ती ओलांडेल तो बाद, त्याने गाडीत बसायचं. ज्याने गाडीला हात लावला, तोही बाद. नियम पाळले जातात की नाही हे पाहायला गळ्यात शिट्टी आणि हातात वही असलेले एक साहेब दिले होते. ते येऊन दाराजवळच्या सीटवर बसले. ती मावशींची सीट, पण हे त्यांना कोण सांगणार? मावशींनी ती आदल्या दिवशीच पुसून, खाली चपला आणि बामची बाटली ठेवली होती. पाचव्या किलोमीटरला मी आत असेन, असं त्यांनी ड्रायव्हरना आधीच कळवलं होतं.

पहाटे शर्यत सुटली. चौथ्या किलोमीटरला एक करसल्लागार आत आले. त्यांच्या मनगटावरचं घड्याळ त्यांचे ठोके, झोप आणि पावलं मोजत होतं. नवव्याला व्यायामशाळेचे मालक आले. अकराव्याला एक नणंद-भावजय चढल्या. पहिल्यांदा कोण दमलं यावर त्यांचं एकमत होईना. दमलो असं मात्र कोणीच म्हणालं नाही. प्रत्येकाचा गुडघा होता. साहेब वहीत कारण लिहीत होते. सातव्या नावानंतर त्यांनी नुसतं 'वरीलप्रमाणे' असं लिहायला सुरुवात केली.

मावशी मात्र पळत होत्या. पाचवा गेला, दहावा गेला. माझ्यापुढे दोनशे पावलं, मग शंभर, मग तीस. दर मिनिटाला त्या मागे वळून बघत, चोरी केल्यासारख्या. त्या पाण्याच्या टेबलापाशी पोचेपर्यंत टेबलाची घडी झालेली असे. आतून करसल्लागार हाका मारत होते. या वर, जागा आहे, हट्ट कशाला, तब्येतीपेक्षा काय जास्त आहे? माणूस वाईट नव्हता. खरं सांगायचं तर, मित्रांनो, मलाही तसंच वाटत होतं. माझं दार उघडं होतं आणि उघड्या दाराचा मला अभिमान होता. आपलं माणूस धापा टाकतंय आणि आपल्यात अठरा सीट रिकाम्या आहेत, हे बसला बघवत नाही.

सोळाव्या किलोमीटरला उड्डाणपुलाचा चढ लागला. मावशी आणि माझा बंपर यांच्यात हातभर अंतर उरलं. साहेबांनी शिट्टी तोंडाजवळ नेली.

आणि माझं पाणी उकळलं.

पुढून वाफेचा लोट उठला, आचके देत मी बंद पडले. लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्याहून वाईट पुढे होतं. तो फुसकारा ऐकून मावशी थांबल्या, वळल्या आणि सरळ माझ्याकडे चालत आल्या. अकरा वर्षांची सवय ती. हात बॉनेटकडे गेला होता.

"हात लावू नका!" ड्रायव्हरनी आतून खाली उडी मारली.

मावशी हात तसाच हवेत धरून म्हणाल्या, "कॅन मागच्या सीटखाली आहे. आणि झाकण लगेच उघडू नका, भाजेल."

"मी काय अकरा वर्षं झोपा काढल्या? तुम्ही पळा."

"तुम्हाला जमणार नाही, दादा."

हे 'जमणार नाही' मावशींनी स्वतःबद्दल हजारदा म्हटलेलं मी ऐकलं होतं. दुसऱ्या कोणाला उद्देशून पहिल्यांदाच.

"नाही जमलं तर गाडी इथेच राहील," ड्रायव्हर म्हणाले. "मग तुमच्या मागे कोण आहे? बघा बरं."

मावशींनी बघितलं. मी होते, वाफ होती, आणि खिडक्यांतून डोकावणारे चौदा गुडघे होते. त्यांनी हात खाली घेतला, ओढणी कंबरेला घट्ट बांधली आणि चढाला लागल्या. नंतर त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. मी वाट बघत होते, म्हणून मला माहीत आहे.

पुढचे पाच किलोमीटर काय झालं ते मला ठाऊक नाही. आत्मवृत्तात असं कबूल करणं बरं दिसत नाही, पण मी पुलावर होते. ड्रायव्हरनी झाकण लगेच उघडलं आणि अंगठा भाजून घेतला. साहेब नियमावलीत गाडी बंद पडल्याचं कलम शोधत होते. ते नव्हतं. तेव्हा शिट्टी वाजवावी की नाही हे त्यांना ठरवता येईना, आणि ते शिट्टी तोंडात धरून नुसतेच बसून राहिले.

मी पाऊण तासाने सुरू झाले. साडेतीन तासांची मुदत संपायला पाच मिनिटं होती. मग आम्ही पुलाखाली उतरलो. दर वळणावर सगळे डाव्या बाजूच्या खिडक्यांशी जमत. कडेला कोणी बसलंय का, झाडाला टेकलंय का. व्यायामशाळेचे मालक दारात उभे राहून सांगत होते, इथेही नाही. सतराव्यालाही नाही. एकोणिसाव्याला फुटपाथवर कोणीतरी बसलेलं दिसलं आणि नणंदबाईंनी डोळे झाकले. ती एक गोणी निघाली. करसल्लागारांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि घड्याळाने त्यांना अभिनंदनाचा संदेश पाठवला.

आम्ही पोचलो तेव्हा शेवटच्या फुगवलेल्या कमानीतली हवा काढत होते. साहेब वही घेऊन धावले. नोंद करणाऱ्या बाईंनी कागदावरून बोट फिरवलं. तीन तास सत्तावीस मिनिटं. बाई म्हणाल्या, त्या आल्या, पाण्याचा नळ कुठे आहे एवढंच विचारलं, आणि नळाकडे गेल्या त्या अजून तिथेच आहेत.

मावशी दोन्ही हातांनी भिंत धरत माझ्यापर्यंत आल्या. गळ्यात पदक होतं. त्यांनी आधी ड्रायव्हरच्या अंगठ्याकडे पाहिलं.

"लगेच उघडलंत ना?"

ड्रायव्हरनी अंगठा मागे लपवला. मग मावशी माझ्या पायरीवर बसल्या आणि बराच वेळ रडल्या. साहेबांनी पाठ वळवून वहीत काहीतरी लिहिण्याचं नाटक केलं.

सोमवारी मावशी पायऱ्या उलट्या, मागे पाय टाकत उतरत होत्या. सरळ उतरणं गुडघ्यांना मान्य नव्हतं. मुलांनी विचारलं, मावशी, कितवा नंबर आला?

"शेवटचा," त्या म्हणाल्या. "पण पूर्ण केली."

त्यानंतर त्यांनी मुलं मोजली आणि एक कमी भरलं; ते बाटली सीटवर विसरून केव्हाच पुढे गेलं होतं. मग ती बाटली उचलून त्या लंगडत फाटकाकडे निघाल्या.

मित्रांनो, आता माझं वय झालं आहे. लवकरच मला भंगारात काढतील, तशी कुजबुज शेडमध्ये आहे. जाण्याआधी एवढीच विनंती करते. जुन्या गाड्यांच्या रेडिएटरमध्ये वेळच्या वेळी पाणी घालत जा. आणि घालायचं राहिलंच, गाडी चढावर बंद पडलीच, तर पुढे निघालेल्या माणसाला निदान परत बोलावू नका.