चोवीस बिटांचा धवला

जयमालाताई चार जिने चढून माझ्या रेकॉर्डिंगच्या खोलीवर आल्या तेव्हा धापा टाकत होत्या. हातात कोरा हेडफोन होता, खोक्यासकट.

"स्वानंद, ह्यो हेडफोन खराब हाय का माजे कान? विश्वजित बोलतो, आय, मासली विकताना वरडून वरडून तुजे कान गेले."

मी हसलो. लेकाने आईची केलेली थट्टा, हसायलाच हवं.

ताई मोऱ्याच्या, तिथल्या कोळीवाड्यातल्या. त्यांची आई दुर्गाबाई धवलारीण होती. लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंतचे धवले, म्हणजे विधींची गाणी, तीच गायची, आणि तिने सूर लावल्याशिवाय मोऱ्यातल्या कित्येक नवऱ्यांना हळद लागली नाही. तीन वर्षांपूर्वी तिच्या ओटीवर मांडी घालून मी ते सगळे धवले तिच्या एकटीच्या आवाजात रेकॉर्ड केले. गेल्या माघात ती गेली. मग ताईंना विचारून मी ते इंटरनेटवर विकायला ठेवले. साधी एमपीथ्री स्वस्त. आणि तिप्पट किमतीला 'हाय-रेझ, चोवीस बिट, मूळ मास्टर'. खाली लिहिलं होतं, दुर्गाबाई तुमच्यासमोर बसून गातील.

लोक मला विचारायचे, ही महागाची फाइल घेण्यात अर्थ आहे का हो? मी ऐटीत सांगायचो, मूळ रेकॉर्डिंगात जीव असेल तर आहे.

घेणाऱ्यांच्या यादीत परवा ताईंचं नाव आलं. मी ते पाहिलं आणि गप्प बसलो.

"बस ना ताई. पाणी देऊ?"

"पानी नको. आधी ऐक." त्यांनी हेडफोन माझ्या कानांवर चढवला. "आठ दिसांनी माज्या अबोलीची हलद. आजीचा धवला नातीला मीच गानार. सूर मिलतो सगला. पन आय दम कुठं घ्यायची त्येच कलत नाय."

धवलारीण एकटी गात नाही. मागे बायका बसतात. ती श्वास घेते तिथे त्या ओळ झेलतात, आणि त्यांची झेलून होईपर्यंत तिच्या छातीत पुढची ओळ भरते. दम हीच मागच्यांना दिलेली खूण. तो चुकला तर सगळ्या जणी एकमेकींच्या ओळीवर पाय देतात.

"स्वस्त फायलीत दम ऐकू येत नव्हता," ताई म्हणाल्या. "म्हनलं, महागाची घेऊ. तिच्यात पन नाय. मंग ह्यो हेडफोन घेतला. तरी नाय. विश्वजित बोलतो, आता कानाची मशीन घ्यावी लागल. सांग, कंची घेऊ?"

मी हेडफोन काढला. खिडकीवरून विमान गेलं. एरवी मी त्या आवाजाला शिव्या देतो. आज वाटलं, आणखी थोडं रेंगाळू दे.

"कान चांगले आहेत तुमचे, ताई. मशीन नका घेऊ. दम त्या फाइलमध्ये नाहीच."

"नाय म्हंजे?"

"आवाज साफ करताना मी काढला. पंख्याची घरघर, बांगड्या, कोंबडं... आणि तो. मला तेव्हा तो कचराच वाटला. आता सगळे थांबे सारखेच मुके."

"मंग पयला आवाज दे. साफ न केलेला."

"पुसला. हळदीच्या डीजेचं काम होतं, मेमरी कार्ड रिकामं हवं होतं. उरली ती तुम्हाला व्हॉट्सअॅपवर पाठवलेली फाइल. तीच फुगवून चोवीस बिटांची केली. वाटीभर दुधात हंडाभर पाणी घातलं, ताई. हंडा भरला. दूध वाटीभरच."

ताई हेडफोनची वायर बोटाला गुंडाळत राहिल्या, जाळं गुंडाळावं तशी.

"तिला दमा व्हता रं," शेवटी त्या म्हणाल्या. "दम घेताना छाती वाजायची. तरी तुज्यासाठी दोन दिस गायली. त्यो कचरा?"

"पैसे परत करतो, सगळ्यांचेच."

"ते तर करशीलच. आधी ती नेटवरची पाटी काढ."

त्यांच्यासमोरच काढली. घेतलेल्या प्रत्येकाला काय झालं ते लिहिलं. ताई खांद्यावरून वाचत होत्या. एके ठिकाणी मी 'तांत्रिक चूक' लिहिलं, तर त्यांचं बोट पडद्यावर आलं. "चूक नाय. खोटं लिव."

मग त्या उठल्या. "चल. सखूमावशीकडं. चाळीस वरसं आयच्या मागं तिनंच झेललं."

"मी कशाला?"

"तू नाय तं कोन?"

सखूमावशी मोऱ्याला घराच्या पायरीवर जवळा निवडत बसल्या होत्या. डोळ्यांना फारसं दिसत नव्हतं, बोटंच कचरा ओळखत होती. ताईंचा प्रश्न ऐकून त्यांनी मान हलवली. "सांगता नाय येनार गो पोरी. तू गा. जागा आली का मी हात दाबीन."

ताईंनी सूर धरला.

हलदीचे पाटावं बाय गो, लेक बसली उन्हान,
तिची सावली झाकिली आयचे...

मावशींचा ओला हात ताईंच्या मनगटावर दाबला गेला. ताई थांबल्या, श्वास आत गेला, आणि मावशींनी थरथरत्या आवाजात ओळ झेलली: आयचे पदरान. दम काढून मी फाइलमध्ये शांतता ठेवली होती ती नेमकी तिथे, लेकीची सावली झाकणाऱ्या आईपाशी.

दोनदा झालं, तिसऱ्यांदा हात न दाबताही जमलं. ताईंचे डोळे वाहत होते.

"ह्यो कोन बसलाय?" मावशींनी विचारलं.

"ह्याच्याकडं आयचं गानं हाय, मावशी," ताई म्हणाल्या, आणि पुढचं बोलल्या नाहीत. माझ्याकडे बघत राहिल्या.

मावशींनी चाचपडत माझं डोकं शोधलं, जवळ्याचा वास असलेला हात त्यावर ठेवला. "बरं केलंस बाबा. जपलंस तिला."

"नाही आजी," मी म्हणालो, आणि तो हात डोक्यावर असतानाच पुन्हा पहिल्यापासून सांगू लागलो.