डोक्याकडची खूण

“काका, सांगा ना. क्रॉस ह्या टोकाला की त्या?”

सुनीतीने दुसऱ्यांदा विचारले. ईस्टरच्या आदल्या दिवसाची सकाळ होती. कबरस्तानात जो तो आपापल्या माणसाची कबर धूत होता, चुना लावत होता, मंडईतून आणलेला झेंडू पसरत होता. सुनीतीच्या आईची, हेमाबाईंची, कबर अजून कच्ची होती. जेमतेम दीड महिन्याची. तिच्यासाठी रंगरावांनी सागवानी क्रॉस घडवून आणला होता आणि आता तो छातीशी धरून ते नुसतेच उभे होते.

“सगळ्यांचे पश्चिमेला आहेत, डोक्याशी,” सुनीती म्हणाली. “विचारायचं काय त्यात, असं म्हणाल तुम्ही.”

एरवी ते तसेच म्हणाले असते. चाळीस वर्षे नाना पेठेतल्या कारखान्यात त्यांनी शवपेट्या केल्या होत्या आणि दर रविवारी चर्चमागच्या खोलीत मुलांना शिकवले होते. आठवडाभर सुतार, रविवारी सर. मुलांना कळावे म्हणून ते परातीत वाळू घेत, वाळूत काड्यापेट्या ओळीने मांडत, सगळ्यांचे पाय पूर्वेच्या खिडकीकडे. “प्रभू पूर्वेकडून येणार. कर्णा वाजला की सगळे उठून बसणार, आणि समोर काय? उजेड!” असे म्हणत एकेक पेटी उघडत. एकदा छोट्या स्पृहाने विचारले होते, “सर, जे कुशीवर झोपलेत त्यांचं काय?” तेव्हा ते पोट धरधरून हसले होते.

आता तो प्रश्न त्यांच्याच मानगुटीवर बसला होता.

हेमाबाई दवाखान्यात नर्स होत्या. रंगरावांची बायको मुक्ताई अकरा महिने अंथरुणाला खिळली, तेव्हा ड्यूटी संपली की त्या रोज यायच्या. तिची कूस बदलायच्या, पाठ पुसायच्या. “अहो रंगराव, आभार राहू द्या, पाणी तापत ठेवा,” एवढेच बोलणे. त्या गेल्या तेव्हा त्यांची पेटी रंगरावांनी कुणाला हात लावू न देता केली. रंगरावांच्या पेट्यांची दोन्ही टोके सारखी असत, म्हणून डोक्याकडच्या कडेला पेन्सिलने बारीक ‘डो’ लिहायची त्यांची पद्धत होती. झाकणावर पितळी क्रॉस, त्याचा लांब दांडा पायांकडे. शेवटचे दर्शन झाल्यावर झाकण त्यांनीच ठेवले, स्क्रू त्यांनीच आवळले. डोळे भरले होते. खूण पाहायची राहिली. पुढे खांदेकऱ्यांनी झाकणावरचा क्रॉस पाहून, त्याचा दांडा पूर्वेला करून, पेटी खाली सोडली.

महिन्यापूर्वी सुनीतीने मोबाइलवर अंत्यविधीचे फोटो पाठवले. एका फोटोत क्रॉसच्या दांड्याच्या खालच्या टोकाशी, पेटीच्या कडेवर, ‘डो’ दिसत होता. म्हणजे झाकणच उलटे बसले होते. तो वाचता येणारा जगात एकच माणूस होता.

ते पाळकांकडे गेले. इंद्रजीत पाळक वयाने लहान, बोलायला तिखट.

“रंगराव, देव काय होकायंत्र घेऊन येणार आहे?”

“मग आपण पाय पूर्वेला का करतो, पाळकसाहेब?”

“रीत आहे.”

“आणि रीत चुकली तर?”

पाळकांनी चष्मा काढून पुसला. “बाईंनी जन्मभर आजाऱ्यांची सेवा केली. न्यायाच्या दिवशी ते पाहिलं जाईल.”

“पण गेल्या रविवारी तुम्हीच सांगितलंत, तारण कृपेनं होतं, कामांनी नाही.”

“सांगितलं.”

“मग कशानं?”

“तुम्ही तर मुलांना शिकवता की हो!”

“म्हणून तर विचारतोय.”

घरी येऊन त्यांनी परात काढली, एक काड्यापेटी उलटी ठेवली आणि बघत बसले. चांगल्यांना उजवीकडे घेणार म्हणतात. उलट उठलेल्या माणसाची उजवी बाजू कुठली? कामे मोजणार असतील, तर ही चूक कुणाच्या नावावर पडणार? आणि सगळी कृपाच असेल, तर हेमाबाई रोज पायऱ्या चढून कशासाठी येत होत्या? डोके गरगरायला लागले तेव्हा त्यांनी परात परत फळीवर ठेवून दिली.

“काका?” कबरेपाशी सुनीतीने पुन्हा हाक मारली. “बरं वाटत नाहीये का?”

रंगरावांनी क्रॉस खाली टेकवला आणि सगळे सांगून टाकले.

सुनीतीने कबरेच्या दोन्ही टोकांकडे पाहिले. मग म्हणाली, “महिनाभर तुम्हाला माहीत होतं. आणि मी दर रविवारी तिच्या पायांशी मेणबत्ती लावून, आई, आई करत बोलत बसले.”

रंगराव म्हणाले, “तू म्हणशील तर मी चर्चच्या पंचांपुढे सांगतो. परवानगी काढतो. पेटी वर काढून…”

“नको.” तिने नाक पुसले. “नाइट ड्यूटीहून येऊन झोपली की तिला मधेच उठवलेलं अजिबात चालायचं नाही.”

हसावे की नाही, हे रंगरावांना कळले नाही. सुनीतीने त्यांच्या हातातून क्रॉस घेतला आणि ती पूर्वेच्या टोकाला गेली.

“डोकं इथे आहे ना? मग इथेच.”

“सगळी ओळ एकीकडे आणि हा एकटा दुसरीकडे? लोक विचारतील.”

“मग तुम्ही सांगा.”

ईस्टरच्या पहाटेच्या उपासनेला कबरस्तान माणसांनी भरले. सगळे पूर्वेकडे तोंड करून उभे. पंच योगेशरावांना तो क्रॉस लगेच खटकला.

“काय रंगराव, चाळीस वर्षांनी दिशा विसरलात? की सुट्टीचा दिवस म्हणून उलटं काम?”

“चूक माझी आहे,” रंगराव म्हणाले. पुढच्या रांगेने माना वळवल्या, इतक्या मोठ्याने. “पेटी माझ्या हातून उलटी गेली. बाईंचं डोकं इकडे आहे.”

गीत सुरू झाले. रंगराव हेमाबाईंच्या क्रॉसपाशी गेले, क्षणभर घोटाळले, आणि त्या उठून बसल्या तर जिकडे पाहतील तिकडे तोंड करून उभे राहिले.

“सर,” पहिल्या रांगेतून स्पृहा कुजबुजली, “तुम्ही उलटे उभे आहात.”

“हो गं. माहीत आहे मला.”

त्यांच्या पाठीमागे सूर्य वर आला. तो त्यांना दिसला नाही. समोरचे चेहरे मात्र एकेक करून उजळत गेले. योगेशरावांचा, पाळकांचा, मुलांचा, सुनीतीचा. इतक्या वर्षांत ते तसे त्यांनी कधी पाहिले नव्हते.