मागच्या सोमवारची बैठक

राहुरीतल्या एका धर्मादाय दवाखान्यात मुबारकबींनी तीस वर्षं नर्स म्हणून काम केलं. निवृत्तीनंतर त्यांना तिथल्या ट्रस्टवर विश्वस्त म्हणून घेतलं, पण सहा महिन्यांत बैठकीचं बोलावणं एकदाही आलं नाही. मग एका सकाळी चिटणीस कानिफनाथ इतिवृत्ताचं रजिस्टर घेऊन दारात उभा राहिला.

"सिस्टर, सही तेवढी करा. बाकी समद्यांच्या झाल्यात."

त्याची घाई पाहून मुबारकबींच्या मनात पाल चुकचुकली. त्यांनी चष्मा लावून वाचलं. मागच्या सोमवारी बैठक झाली आणि दवाखान्यामागची जागा तीस वर्षं भाड्याने द्यायचं एकमताने ठरलं, असं लिहिलं होतं.

"जागा घेणारा हा सुखदेव कोण?"

कानिफनाथ चुळबुळला. "अध्यक्षांचे व्याही. पन मानूस लई चांगला हाय."

"अन् धर्मादाय आयुक्तांची परवानगी?"

"ती काढू की मागनं."

"चौकशी लागली तर मलाही जाब द्यावा लागेल," असं म्हणत मुबारकबींनी पेन घेतलं आणि लिहिलं, 'मला बैठकीचं बोलावणं नव्हतं. ठरावाला माझा विरोध आहे.' खाली सही केली. कानिफनाथ रजिस्टर काखेत मारून निघून गेला.

आठवड्याने खरोखरची बैठक भरली. टेबलावर कोरं, नवं रजिस्टर होतं; जागेचा तोच ठराव त्यात पुन्हा लिहून सह्या घ्यायच्या होत्या.

"जुनं कुठंय?" मुबारकबींनी विचारलं.

"गहाळ झालं," अध्यक्ष म्हणाले.

"मग तसं पोलिसांत कळवू."

शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या विश्वस्त गुरुजींनी उघडलेलं पेन पुन्हा खिशाला लावलं. "जुनं सापडेपर्यंत माझीही सही नाही," ते म्हणाले.