निरोप जसाच्या तसा

"शाळेच्या मागच्या उताराला भेग पडलीय, ताई. सकाळी बोट जात होतं, आता अख्खा हात जातोय. आम्ही त्रेचाळीस जण आहोत. सगळ्यांना घेऊन वरच्या पठारावर जाऊ का? म्हाताऱ्यांना उचलून न्यावं लागेल, दोन तास तरी लागतील. साहेबांना विचारून सांगा. ओव्हर."

बाईंनी शब्दन्‌शब्द फॉर्मवर उतरवला आणि पुढे वेळ टाकली, अकरा वाजून दहा मिनिटं. मग तोच निरोप माइकवर परत वाचून दाखवला. पलीकडून डोंगरातल्या गावच्या दवाखान्याची सिस्टर म्हणाली, "बरोबर आहे, ओव्हर," आणि सेट खरखरत राहिला.

जिल्हा कचेरीच्या वऱ्हांड्यात, दोन कपाटांच्या मधल्या बोळात बाईंचं टेबल होतं. टेबलाखाली दोन बॅटऱ्या होत्या आणि खिडकीतून एक वायर थेट गच्चीवरच्या काठीला गेली होती. पाऊस सुरू होऊन पाच दिवस झाले होते. डोंगरातले फोन दोन दिवसांपासून बंद होते. हौशी रेडिओवाल्यांची आठ टेबलं आठ गावांशी बोलत होती, आणि जिल्ह्याचा कारभार त्या आठ खरखरत्या आवाजांवर चालला होता.

फॉर्म घेऊन बाई साहेबांकडे गेल्या. आपत्ती विभागाचे हे साहेब तीन दिवस घरी गेले नव्हते. डोळे तांबारलेले, शर्टाला चहाचा डाग. माणूस वाईट नव्हता. त्यांनी निरोप दोनदा वाचला.

"उघड्या पठारावर त्रेचाळीस माणसं? या पावसात? गारठून चार म्हातारे गेले म्हणजे कोणाच्या नावानं खडे फोडणार? शाळा पक्क्या बांधकामाची आहे. उद्या भूगर्भवाले जातील, ते बघतील."

बाई जागच्या हलल्या नाहीत. "साहेब, सकाळी इकडे येताना मी आमच्या उपग्रह केंद्रावर डोकावले होते. हवामानाच्या टेबलावरचा मुलगा म्हणत होता, दुपारनंतर पाऊस आणखी वाढणार."

"तुम्ही हवामानाकडे आहात का?"

"नाही. नेटवर्कला."

"मग तुम्ही रेडिओ सांभाळा, बाई." साहेबांनी हे रागानं म्हटलं नाही. शेजारी आणखी तिघं कागद पुढे करून उभी होती. त्यांनी फॉर्मखाली लिहिलं, 'शाळेतच थांबावे. लोकांना हलवू नये,' सही ठोकली आणि पुढचा कागद ओढला.

बाई एकतीस वर्षं उपग्रहांच्या भूकेंद्रात नोकरीला होत्या. सासूबाई होत्या तोवर शेजारीपाजारी सांगायच्या, "आमची सून आकाशात असते." प्रत्यक्षात सून असायची जमिनीखाली. नियंत्रण कक्षाच्या फरशा उचलायच्या, बॅटरी दातात धरायची आणि केबलच्या जंजाळात गुडघ्यांवर रांगायचं. ऑफिसात त्यांचं नावच केबलबाई पडलं होतं. उपग्रह डोक्यावरून जायचा जेमतेम दहा-बारा मिनिटं. तेवढ्यात अँटेनानं जे पकडलं ते नियंत्रण कक्षात पोचवायचं, तिथून सुटलेली आज्ञा वर धाडायची, आणि मधल्या मध्ये एक ठिपकासुद्धा इकडचा तिकडे होऊ द्यायचा नाही, हे त्यांचं काम. आलेल्या चित्रात ढग आहे की वाळवंट, हे बघणारी माणसं वेगळी. "आपण पोस्टमन," त्या नव्या मुलामुलींना सांगायच्या. "पाकीट फोडायचं नाही."

हौशी रेडिओचा परवाना त्यांनी कॉलेजात असतानाच काढला होता. पुढे वादळ, भूकंप, पूर, काही आलं की क्लबाचं बोलावणं यायचं आणि बाई रजा टाकून निघायच्या. नवरा गणिताचा मास्तर. तो म्हणायचा, "आठवडाभर तारा ओढतेस आणि सुट्टीच्या दिवशी बिनतारी! हा कसला विसावा?" पण डबा तोच भरून द्यायचा.

डोंगरातल्या त्या दवाखान्यात रेडिओ बसवला तो बाईंनीच, दोन वर्षांपूर्वी; लोक शाळेत आले तेव्हा सिस्टरनं तोही तिकडे हलवला होता. सिस्टरला दोन दिवस शिकवलं. पोरगी चलाख. "ओव्हर" म्हणताना पहिल्यांदा इतकी हसली की माइक खाली ठेवावा लागला. बाईंनी तिच्याकडून एकच गोष्ट घोटून घेतली होती. निरोप ऐकला तसा सांगायचा, त्याला आपलं मीठमसाला लावायचं नाही. "भीतीनं माणूस शब्द वाढवतो, लाजेनं कमी करतो. आपण दोन्ही करायचं नाही."

अकरा वाजून सव्वीस मिनिटांनी बाईंनी साहेबांचं उत्तर वाचून दाखवलं. 'शाळेतच थांबावे. लोकांना हलवू नये.'

सिस्टरनं ते परत वाचलं. बरोबर वाचलं. मग "ओव्हर" म्हणायच्या ऐवजी ती थांबली. मागे मुलांचा गलका चालला होता. तिनं त्यांना दटावलं आणि पुन्हा माइकजवळ आली.

"ताई, तुम्हांला काय वाटतं? ओव्हर."

बाईंनी माइकचं बटण दाबलं आणि सोडलं. पुन्हा दाबलं.

"माझ्या वाटण्याचा प्रश्न नाही, सिस्टर. निरोप असा आहे. ओव्हर."

"बरं, ताई. चार वाजता परत बोलते. ओव्हर."

दुपारी पाऊस वाढला. चार वाजता बाईंनी हाक दिली. पाच मिनिटांनी पुन्हा दिली. सव्वाचारला शेजारच्या टेबलावरचे निवृत्त तारमास्तर उठून आले, त्यांनी वायर तपासली, बॅटरी तपासली आणि ते जागेवर गेले. बाई दर पाच मिनिटांनी हाक देत राहिल्या आणि प्रत्येक हाकेची वेळ वहीत लिहीत राहिल्या. वही नंतर तपासली तेव्हा त्यात एकामागून एक सव्वीस ओळी निघाल्या, सगळ्यांपुढे एकच शेरा: उत्तर नाही.

डोंगर सुटला होता तीन वाजून चाळीस मिनिटांच्या सुमाराला. हे कळलं दुसऱ्या दिवशी, गावातला एक माणूस चिखलातून चालत खाली आला तेव्हा. बारा जण वाचले. सिस्टर त्यांत नव्हती. ती दाराशी उभी राहून मुलांना बाहेर ढकलत होती, असं तो म्हणाला.

चौथ्या दिवशी बाई कामावर हजर झाल्या. सकाळचा उपग्रह वेळेवर आला, वेळेवर गेला. पडद्यावर हिरव्या अक्षरांत आकडा उमटला. हरवलेली पॅकेटं, शून्य. गेली कित्येक वर्षं तो आकडा पाहून त्यांना बरं वाटायचं. त्या दिवशी त्या उठल्या, बाथरूममध्ये गेल्या आणि नळ सोडून खूप वेळ उभ्या राहिल्या.

दीड महिन्यानं चौकशी समिती बसली. साहेबांनी आधी सांगितलं, "परिस्थिती पाहून निर्णय घ्या, असं मी कळवलं होतं." मग बाईंनी फॉर्म पुढे ठेवला. साहेबांचं अक्षर, साहेबांची सही. साहेब मान खाली घालून बसले. बाईंना त्यांच्याकडे बघवेना.

समितीच्या अध्यक्षांनी फॉर्म आणि वही ताडून पाहिली. "निरोपात काहीही फरक नाही. अगदी चोख काम. रेडिओ सेवेकडून कोणतीही कसूर झालेली नाही, असं नोंदवून घ्या."

"मला आणखी सांगायचंय," बाई म्हणाल्या. "सिस्टरनं मला विचारलं होतं, तुम्हांला काय वाटतं. ते वहीत नाही. पाऊस वाढणार हे मला माहीत होतं. मी तिला सांगितलं नाही."

टंकलेखकाचे हात थांबले. त्यानं अध्यक्षांकडे पाहिलं. "हे घ्यायचं का, सर?"

अध्यक्ष वयस्क होते, बाईंकडे पाहून त्यांचा आवाज मऊ झाला. "मत देण्याचा अधिकार तुम्हांला नव्हता, बाई. त्यामुळे हे चौकशीच्या कक्षेत येत नाही. राहू द्या."

घरी आल्यावर त्यांनी नवऱ्याला हे सांगितलं. तो वह्या तपासत होता. लाल पेन बाजूला ठेवून म्हणाला, "कायद्यानं सुटलीस की."

"हो."

"मग?"

"मग काही नाही. तिचे वडील आहेत. त्यांना कोणी सांगितलं नसेल."

"कशाला जातेस? त्यांना आणखी त्रास."

"तसंही असेल," बाई म्हणाल्या.

रविवारी सकाळी त्या एकट्याच गेल्या. बस डोंगराच्या पायथ्याशी सोडून गेली, पुढे अर्धा तास चढ. सिस्टरचे वडील त्याच रस्त्यावर तीस वर्षं बस चालवून निवृत्त झाले होते. दोन खोल्यांचं घर, भिंतीवर युनिफॉर्मातल्या सिस्टरचा फोटो. म्हाताऱ्यांनी स्टूल पुढे सरकवलं, पाणी दिलं आणि समोर खाटेवर बसले. बाईंनी पाणी बाजूला ठेवलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. भेग, फॉर्म, साहेब, हवामानाचा मुलगा. शेवटी सिस्टरचा प्रश्न आणि आपलं उत्तर. एक शब्द वाढवला नाही, एक गाळला नाही.

म्हाताऱ्यांनी तळवे गुडघ्यांवर पालथे ठेवले.

"तुम्ही 'नीघ' म्हणाला असता, तर ती निघाली असती का?"

"हो," बाई म्हणाल्या. "निघाली असती."

त्यांनी मान हलवली. "ऐकायचीच ती तुमचं. घरी आली की तुमचंच पुराण. ताई असं म्हणतात, ताई तसं म्हणतात. मी वैतागायचो." मग, "घाबरली होती का?"

"आवाजात नव्हतं तसं. मागं मुलं ओरडत होती, त्यांना दटावलं तिनं."

"काय म्हणाली?"

"गप्प बसा रे, म्हणाली. ताई बोलतायत."

म्हातारे उठले. खिडकीपाशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. त्यांनी खिडकीचा गज धरला.

"साहेब येऊन गेले मागे," ते बाहेर बघतच म्हणाले. "पाया पडायला वाकले. म्हणाले, नशीब. सगळेच नशीब म्हणतात. तुम्ही नाही म्हणालात. पण तुम्ही आता जा. आणि परत येऊ नका. मला जमायचं नाही."

"बरं," बाई म्हणाल्या. हात जोडून त्या उठल्या, चपला घातल्या आणि अंगण ओलांडून उताराला लागल्या.

पंधरावीस पावलं गेल्या असतील, मागून हाक आली.

"ओ बाई!"

त्या वळल्या. म्हातारे अनवाणीच अंगणाच्या कडेला आले होते.

"खालनं जाऊ नका. त्या वळणाला अजून दगड सुटतात. वरनं जा, देवराईच्या कडेनं."

"मी येताना खालूनच आले. बसही तिथंच थांबते."

"असू दे. लांब पडेल, पण वरनं जा. मी सांगतोय ना."

बाईंनी मान हलवली. त्या पुन्हा चढ चढून वर आल्या, त्यांच्या अंगणापासून चार हातांवरून गेल्या आणि वरच्या पायवाटेला लागल्या. म्हाताऱ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. पण अंगण दिसेनासं होईपर्यंत ते तिथंच उभे होते.