मिलकाताईची खुर्ची

१९७८ सालची गोष्ट. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कामाला असलेल्या एझ्रा झिराडकरच्या क्वार्टरमध्ये सकाळपासून खुर्च्यांची जुळवाजुळव चालली होती. लग्नानंतर सात वर्षांनी मुलगा झालेला, आज आठवा दिवस, म्हणजे सुन्नत. मुंबईहून प्रार्थना चालवणारे हजान आणि वीसेक पाहुणे यायचे होते. नाशकात बेने इस्राएलांची, म्हणजे मराठी ज्यूंची, घरं मोजकीच, त्यामुळे बहुतेक पाहुणे मुंबईचे; त्यांनी कार्याला नावं ठेवू नयेत, अशी एझ्राची फार इच्छा.

सुन्नतीच्या वेळी एक सजवलेली खुर्ची एलियाहू हन्नाबी या नबीसाठी, म्हणजे संदेष्ट्यासाठी, रिकामी ठेवायची चाल आहे. घरात हातांची खुर्ची एकच, एझ्राच्या थोरल्या बहिणीची. मिलकाताईचे हातपाय जन्मापासून वाकडे, मान सारखी हलायची. दुसऱ्या कुठल्या खुर्चीत ती बसल्या जागी कलंडायची. एझ्राने तिला उचलून मागच्या खोलीत खाटेवर निजवलं आणि खुर्चीवर पांढरीशुभ्र चादर घातली.

"एझ्रा, मला... बाहेर बसव ना," ती अडखळत म्हणाली. "बाळाचं नाव... ऐकायचंय."

"ताई, तासाभराचा तर प्रश्न! लोक बाळाला सोडून तुझ्याकडेच बघत बसतील. नंतर सांगतो ना नाव."

वाचकहो, एझ्रा काही दुष्ट नव्हता. ताईला रोज स्वतःच्या हाताने भरवणारा भाऊ होता तो. पण चारचौघं यायची म्हटली की आपल्यापैकी कितीजण हेच करतात!

हजान शालोमकाका आले. चादर सारखी करायला वाकले, तर हाताला एक पट्टा लागला.

"हा कशाला रे?"

"ताईला बांधायला... पडू नये म्हणून."

"आणि ताई कुठाय?"

एझ्राने मागच्या खोलीकडे बोट केलं. काकांनी चादर काढून घेतली.

"नबींना कुठलीही खुर्ची चालेल. ते काही पडायचे नाहीत! तिला मात्र हीच लागते. घरातल्या माणसाला उठवून त्याची जागा तू नबींना दिलीस, आणि वर आशीर्वाद मागणार?"

"पण काका, लोक..."

"बघतील. दोनदा बघतील, मग सवय होईल. ती आतच राहिली तर कुणाला कधी सवय व्हायची? ती येईपर्यंत मी सुरुवात करणार नाही."

एझ्राची मान खाली गेली. शेजारच्या मोतीरामकडून लोखंडी घडीची खुर्ची आली आणि चादर तिच्यावर चढली. "ताई, चुकलो गं!" म्हणत एझ्राने बहिणीला उचलून बाहेर आणलं, पट्टा बांधला.

सुन्नत झाली, बाळाचं नाव शमुवेल ठेवलं. सगळ्यांनी 'आमेन' म्हटलं, पण काका पुढे जाईनात. मिलकाताईचे ओठ अजून हलत होते. शब्द निघायला वेळ लागत होता आणि भरलेली खोली चिडीचूप थांबली होती. एझ्राला लाज वाटली नाही, रडू आलं.

"आ... मेन," ताई म्हणाली. मगच काकांनी पुढची प्रार्थना सुरू केली.

मित्रहो, देवळात, सिनेगॉगमध्ये, मांडवात जागेची अडचण सहसा नसतेच. अडचण असते ती आपल्या घाईची आणि लोकलाजेची. ज्याला वेळ लागतो त्याच्यासाठी थांबायला आपण शिकलो पाहिजे. त्याच्याशिवाय आपली प्रार्थना पुरी होत नाही.